संधिवात (आरए) आणि सतत मन उतरलेलं, घरच्या घरी स्वतःला कसं सावरता?

फॉलपिको_ताई

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, लिहायचं धाडस आज केलंय, ते पण रात्री सव्वातीनला, कारण झोप नाही. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ३९, कराडच्या पुढं एका गावात राहते. साडेतीन वर्षं झाली, सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मूठ वळायची नाही. मला वाटलं मशीनवर जास्त बसतेय म्हणून (घरीच ब्लाउज शिवायचे, फॉल-पिको करायचे, लग्नसराईत तर रात्री बारा-बारापर्यंत). गावातल्या डॉक्टरांनी आठ महिने नुसती दुखण्याची गोळी दिली. मग कोल्हापूरला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडं (वाताचे स्पेशालिस्ट) गेलो, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. तेव्हापासून आठवड्यातनं एकदा मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन), मध्ये तीन महिने स्टिरॉइड पण झालं. औषधानं गुण आहे, खोटं कशाला बोलू. पूर्वी सकाळी दोन-दोन तास हात आखडलेले असायचे, आता पाऊण तासात मोकळे होतात.

मनाचं मात्र काय झालंय कळेना. मशीनवर चादर टाकून ठेवलीय वर्षभर, आणि आता त्या चादरीवर घडी न घातलेल्या कपड्यांचा ढीग असतो, तो बघितला की पोटात गोळा येतो. पाठीमागचे हूक असलेला ब्लाउज मी घालतच नाही कारण हूक लावायला मुलीला हाक मारावी लागते, ती बारावीला आहे, तिचा अभ्यास सोडून ती येते आणि काही बोलत नाही, ते न बोलणंच जास्त लागतं. शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेट घेते म्हणून रविवार सगळा मळमळण्यात जातो, आणि रविवारीच सगळे घरात असतात. सासूबाई वाईट नाहीत हो, पण "एवढ्या लहान वयात कसला वात" हे रोज एकदा होतंच. आणि येणारी प्रत्येक बाई म्हणते, वरून तर चांगली दिसतेस की!

आधी रडू यायचं, आता ते पण येत नाही. नणंदेच्या मुलाच्या बारशाला गेले नाही, हात दुखतोय म्हणाले, त्या दिवशी हात दुखत नव्हता. मालिका लावते पण काय चाललंय लक्षात राहत नाही. कधी कधी वाटतं सकाळ होऊच नये.

मानसोपचारवाल्यांकडं जायचं म्हटलं तर आधीच सात गोळ्या, त्यात अजून कुठं, आणि कुणी बघितलं तर गावभर. म्हणून विचारतेय, असा जन्माचा आजार घेऊन जगणारे तुम्ही लोक स्वतःच्या स्वतः काय करता? "पॉझिटिव्ह राहा" सोडून काहीही सांगा, प्लीज.


मणक्याचा_नागपूरकर

ताई, आधी एक सरळ प्रश्न, रागावू नका. "सकाळ होऊच नये" म्हणजे नुसता वैताग, की जीव द्यायचे विचार येतात, कसं करायचं वगैरे डोक्यात येतं? मला माझ्या डॉक्टरनं असंच तोंडावर विचारलं होतं, आणि खरं सांगतो, कोणीतरी विचारलं म्हणूनच हलकं वाटलं. आपण विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात येईल असं लोकांना वाटतं, तसं काही होत नाही.

तसं काही असेल तर हे वाचत बसू नका, १४४१६ लावा आत्ताच. टेलि-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण उचलतात, सुरुवातीला भाषा निवडायची असते, मराठी घ्यायची. गावातल्या कोणाला कळायचा प्रश्नच नाही. आणि घरात एका माणसाला तरी उठवून सांगा.

आता माझं. मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा वात, तुमच्या आजाराचा चुलतभाऊ समजा, वयाच्या २४ व्या वर्षी लागला, आता ४१. पहिली चार वर्षं मी पण हेच केलं, लग्नं टाळली, क्रिकेट सोडलं, मित्रांचे फोन घेणं सोडलं. सोडलं ते दुखण्यामुळे सोडलं असं वाटायचं, पण तुम्हीच लिहिलं नं, बारशाच्या दिवशी हात दुखतच नव्हता. तिथंच बघा काय आहे ते. सांध्याचं दुखणं वेगळं चाललंय आणि मनाचं वेगळं, दोघं एकमेकांच्या नावावर बिल फाडतात.

घरी करण्यासारखी पहिली गोष्ट, पीएचक्यू-९ नावाची उदासी मोजायची प्रश्नावली आहे, नऊ प्रश्न, मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं एवढंच विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, टोटल २७. दहा किंवा वर गेलं तर डॉक्टरला दाखवायचं. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तिथं शून्य सोडून काहीही आलं तर टोटल किती का असेना, बोलायचंच. फक्त आपल्यासारख्यांना एक गोम आहे त्यात. थकवा, झोप, भूक हे प्रश्न आजारामुळे पण भरतात. म्हणून मी पहिले दोन प्रश्न जास्त बघतो, कशात रस वाटतो का आणि मन उदास आहे का. ते दोन्ही जवळपास रोजचे असतील तर सांध्यावर ढकलू नका.


निसर्गाकडे_चला

ताई, सगळं पोटातून सुरू होतं. मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध आहे हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं का? त्यानंच मन खचतं. सगळ्या गोळ्या हळूहळू बंद करा, निर्गुंडीचा काढा, सकाळी प्राणायाम, आंबट बंद. आमच्याकडे एक वैद्य आहेत, पुड्या देतात, २१ दिवसांत फरक. व्यनि (खाजगी निरोप) करा.


मावशीची_भाची

वरच्या दादा/काका, प्राणायामाला कोणाची ना नाही, पण चालू औषध बंद करा असं इथं लिहू नका हो. मेथोट्रेक्सेट कॅन्सरला देतात तो डोस कितीतरी मोठा, संधिवाताला देतात तो आठवड्यातून एकदा आणि थोडा. बंद केलं की सूज परत येते आणि एकदा सांधा आतून झिजला की तो परत भरत नाही.

आणि त्या पुड्या! माझ्या सख्ख्या मावशीनं घेतल्यात, दीड वर्ष. सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटलं, मावशी नवरात्रात गरबा खेळली. मग तोंड गोल सुजलं, साखर २८० वर गेली, रात्रभर जागी आणि चिडचिड, आणि पुडी संपली की अंथरुणातून उठवेना. पुढे मोठ्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की पुडीत स्टिरॉइड असणार. तेव्हा मावशीचं मन इतकं खचलं होतं की आम्हाला वाटायचं आजारानं, अर्धं ते पुडीचं होतं.

फॉलपिको ताई, तुम्ही पण तीन महिने स्टिरॉइड घेतलं म्हणताय, त्यानं झोप आणि मूड दोन्ही हलतात. त्या दिवसांत जास्त वाईट वाटत होतं का आठवून बघा आणि डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनानं एकदम बंद मात्र कधी करायचं नाही, ते हळूहळूच उतरवतात.


लेस्टरची_वहिनी

हाय ताई, मी सोलापूरची, लग्नानंतर इकडे इंग्लंडमध्ये, मला ल्युपस आहे ११ वर्षं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्यावरच उलटते तो आजार. तुझा मशीनवरच्या चादरीचा पॅरा वाचून मी फोन बाजूला ठेवला थोडा वेळ, कारण माझ्याकडे तसंच हार्मोनियम होतं. पेटी बंद आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे.

मला इथे एका कोर्सला पाठवलं होतं, सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास. मूळचा अमेरिकेतला, स्टॅनफर्डला केट लॉरिग म्हणून नर्स आहेत त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी आधी संधिवाताच्याच पेशंटसाठी काढलेला, मग सगळ्याच लांबच्या आजारांसाठी केला. इथल्या एनएचएसनं (सरकारी आरोग्यसेवा) २००२ मध्ये तोच एक्स्पर्ट पेशंट्स प्रोग्रॅम म्हणून आणला. गंमत म्हणजे शिकवायला डॉक्टर नसतात, ज्याला स्वतःला आजार आहे तोच शिकवतो. आमची जी होती तिला स्वतःला दमा आणि गुडघे दोन्ही, ती मध्येच थांबून पंप घ्यायची आणि म्हणायची, एक मिनिट हं.

पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर एक गोल काढला. दुखणं, मग आखडलेलं अंग, मग झोप नाही, मग थकवा, मग चिडचिड, मग उदास, आणि उदास माणसाला दुखणं जास्त जाणवतं, म्हणजे परत पहिल्या घरात. म्हणाली हा गोल कुठूनही तोडता येतो, आजार बरा करूनच तोडायचा असतो असं नाही. मला ते तेव्हा फार पटलं नव्हतं, घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अडीच तास घालवून गोल बघून आले.

पण दर आठवड्याला एक प्लॅन करायला लावायचे आणि तो कामाला आला. प्लॅन म्हणजे "मी व्यायाम करेन" असला नाही. काय करणार, किती, केव्हा, आणि आठवड्यातून किती वेळा. आणि जे करायचं ते स्वतःला हवंसं वाटणारं, डॉक्टरला किंवा सासूला हवंसं वाटणारं नाही. मग विचारायचे, हे होईल असं तुला ० ते १० मध्ये किती वाटतं? सातच्या खाली बोललं की लगेच म्हणायचे, मग छोटं कर. मी म्हटलं रोज अर्धा तास पेटी. खात्री? चार. शेवटी ठरलं ते काय, तर सोमवारी आणि गुरुवारी चहानंतर पेटीवरचे कपडे उचलायचे. वाजवायची नाही! नुसते कपडे उचलायचे. खात्री नऊ. मला हसू आलं होतं. दुसऱ्या गुरुवारी कपडे उचलले आणि भाता उघडला, सा लावला, बंद केलं. बस.

तर तू मशीनला हात लावायचं ठरवूच नकोस. चादरीवरचे कपडे दुसरीकडे ठेवायची जागा कर. कधी, किती वाजता, ते इथे लिही, आम्ही विचारू.

अजून एक, चांगल्या दिवशी जास्त काम करू नकोस. आपण सगळ्या बायका तेच करतो, जरा बरं वाटलं की डबे घासायला काढायचे, चार दिवसांचं एका दिवसात, आणि मग तीन दिवस आडवं. मग मनाला वाटतं बघ, काही केलं की असंच होतं. दहा-पंधरा मिनिटांनी थांबायचं, दुखायच्या आधी, घड्याळ लावून. मला आवडत नाही घड्याळ लावणं पण लावते.


फॉलपिको_ताई

बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी. दोनदा वाचलं.

नागपूरच्या दादांना उत्तर. जीव द्यायचं असं काही ठरवलेलं नाही. नुसतं वाटतं की झोपेतच संपावं. पोरीकडं बघून मन मागं येतं. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरले, म्हणजे कुणी बघितलंच मला असं. पीएचक्यू भरलं, १५ आलं. शेवटच्या प्रश्नाला १.

पुड्यावाल्यांना नको. आमच्या शेजारी पण एकांनी घेतल्यात.

लेस्टरच्या ताई, तुमचं वाचून हसले, खूप दिवसांनी. कपडे उचलायचे, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी पाण्याची मोटर बंद झाली की. खात्री आठ.


मणक्याचा_नागपूरकर

१५ आणि शेवटचा १, मग ताई घरच्या घरी हे प्रकरण नाही राहिलं, सोबत डॉक्टर पाहिजेच. वहिनींनी सांगितलं ते पण करा, पण तेवढ्यावर नका थांबू. झोपेत संपावं हे पण सांगायचंच असतं, ठरवलेलं नाही म्हणून सोडून नाही द्यायचं. आज १४४१६ ला फोन कराच, मोटर बंद झाल्यावर नाही, आधी.


साखरेचा_ठाणेकर

मी मधुमेही, २६ वर्षांचा अनुभव, वय ६३. नागपूरकरांनी लिहिलं ते बरोबर, त्यात थोडी भर.

पहिली भर रक्ताची. मला दोन वर्षांपूर्वी असंच काही नको वाटायचं, सकाळी पेपर पण उघडवेना. मी समजलो निवृत्तीचं दुःख. निघालं काय तर बी-१२ तळाला, कारण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यानं बी-१२ कमी होतं. तुमच्यात मेटफॉर्मिन नसेल, पण संधिवातात सततच्या सुजेनं हिमोग्लोबिन उतरतं, आणि थायरॉइड बायकांत नेहमीचंच. पुढच्या वेळी सीबीसी (हिमोग्लोबिन त्यात येतं), टीएसएच (थायरॉइडची), बी-१२ करून घ्या. उदासी सगळी त्यातलीच असेल असं मी म्हणत नाही, पण जी त्यातली असेल तिच्यासाठी मनाशी कुस्ती कशाला खेळायची. आणि आजार आतून भडकलेला असेल, ईएसआर-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) वाढलेलं, तर तो स्वतःच अंगात जडपणा आणि निरुत्साह आणतो, ताप आल्यावर जसं काही नको वाटतं तसंच ते.

दुसरी भर विचारांची. आमच्या ठाण्यात आयपीएच ही संस्था आहे, १९९० पासून, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली, त्यांचे मराठी व्हिडिओ युट्यूबवर 'आवाहन' या चॅनेलवर भरपूर आहेत. तिथं मला आरईबीटी कळली, विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत म्हणतात मराठीत. ती काढणारे अल्बर्ट एलिस, अमेरिकन, १९५५ च्या सुमारास. हा माणूस लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं वारंवार दवाखान्यात, आणि चाळिशीत त्याला मधुमेह लागला. म्हणजे आपल्यातलाच.

मी काय करतो ते सांगतो. शंभर पानी वही आहे. प्रसंग लिहायचा, मग त्या वेळी मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, शिवीसकट. तुमचं उदाहरण घेतो, परवानगी न घेता. प्रसंग, मुलीनं हूक लावला आणि काही बोलली नाही. वाक्य काय असेल? "मी हिच्यावर ओझं झालेय." आता त्या वाक्याला विचारायचं, तुला कोणी सांगितलं? मुलगी बोललीच नाही म्हणता ना, मग हे कोणाचं वाक्य? कदाचित ती अभ्यासाचाच विचार करत असेल, कदाचित तिला काय बोलावं कळत नसेल. आणि समजा थोडा त्रास होतही असेल, तरी "त्रास होतो" आणि "मी ओझं" यात फार अंतर आहे. मग खाली तिसरं वाक्य लिहायचं, खोटं गोड नाही, खरं. "मला हूक लावता येत नाही, मला याचं वाईट वाटतं, मी पुढे हूक असलेले शिवून घेईन." तुम्ही तर शिंपीण आहात!

असं प्रत्येक वेळी जमतं का? नाही. आठवड्यातून दोनदा जमलं तरी माझा आठवडा वेगळा जातो. खूप उतरलेलं असतं तेव्हा वही उघडू नका, तेव्हा ती वही कोर्टासारखी वाटते, तेव्हा फक्त चालून या.

तिसरी भर गोळीची. मी डिप्रेशनची गोळी ११ महिने घेतली, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली. तिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं, तिथंच लोक सोडतात. एक मात्र लक्षात ठेवा, दुखण्याच्या गोळ्या आणि ह्यातल्या काही गोळ्या एकत्र आल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, म्हणून सातही गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. नुसतं "वाताच्या गोळ्या चालू आहेत" म्हणू नका.


बायकोला_आरए

मी नवरा आहे, पेशंट नाही, तरी लिहितो कारण इथं नवरे कमी लिहितात. माझ्या बायकोला सहा वर्षं आरए. मी बरीच वर्षं काय करायचो, तर तिच्या हातातलं काम ओढून घ्यायचो, राहू दे मी करतो, राहू दे. मला वाटायचं प्रेम. एक दिवस कणीक मळताना मी परात ओढली आणि ती एवढी रडली. म्हणाली तू मला घरातली पाहुणी केलंस.

आता आमचं ठरलंय, ती मागेल तेव्हाच. आणि रोज सकाळी मी "कशी आहेस" विचारत नाही, "आज किती" विचारतो, ती बोटं दाखवते, चार किंवा सात. सात असेल तर कुकर मी लावतो आणि विषय संपला, त्यावर चर्चा नाही. ताई, तुमच्या मिस्टरांचा तुमच्या पोस्टमध्ये कुठंच उल्लेख नाही म्हणून लिहिलं, राग नसावा. आमच्यासारख्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं हो, सांगावं लागतं. एकदा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे आत घेऊन जा त्यांना, बाहेर बाकड्यावर बसवू नका.


मणक्याचा_नागपूरकर

हे बाकड्याचं बरं काढलं. आमचा ग्रुप बाकड्यावरच जमला. डॉक्टरकडे तीन-तीन तास वेटिंग, तेच तेच चेहरे, एकदा मीच विचारलं चहा घ्यायचा का. पाच जण होतो, आता १४. महिन्यातून एक रविवार कोणाच्या तरी घरी, दोन तास.

व्हॉट्सॲप ग्रुप पण आहे पण तो आधी दोनदा बुडाला, एकदा गुड मॉर्निंगच्या फुलांत आणि एकदा काढ्यांत. आता तीन नियम आहेत. औषध सुचवायचं नाही. माझं तुझ्यापेक्षा जास्त दुखतं अशी स्पर्धा लावायची नाही. आणि कोणी तीन दिवस गप्प झाला तर एकानं फोन करायचा, मेसेज नाही, फोन. ह्या तिसऱ्या नियमानं दोन माणसं वाचलीत, जास्त लिहीत नाही.

कोल्हापूरच्या वेटिंगमध्ये पण असतील नं ताई तुमच्यासारख्या. एकीला तरी विचारा.


लेस्टरची_वहिनी

ताई, आज शुक्रवार. कपडे?


फॉलपिको_ताई

उचलले. मंगळवारी पण. मंगळवारी रात्री मिस्टरांनी परत तिथंच टॉवेल टाकला, मग सांगितलं त्यांना.


फॉलपिको_ताई

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांनी विचारलंत, सॉरी.

१४४१६ ला त्याच दिवशी दुपारी केला होता, गच्चीत जाऊन, कपडे वाळत घालायचं निमित्त करून. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून लहान वाटली, मला वाटलं हिला काय कळणार. तिनं फार काही सांगितलं नाही, ऐकलं. मध्येच मी गप्प झाले तरी तिनं फोन ठेवला नाही. मग म्हणाली जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचारची ओपीडी असते, मोफत. साताऱ्याला गेलो, अर्ध्या तिकिटात एसटीनं, मिस्टर बरोबर होते. हो, सांगितलं त्यांना. झोपेत संपावं ते पण सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त तेव्हापासून रात्री मी उठले की तेही उठून बसतात. नको म्हणते तरी.

तिथं ओळखीचं कोण भेटेल म्हणून पदर डोक्यावरून घेतला होता, आणि भेटली की आमच्याच गल्लीतली, तिच्या सासऱ्यांना घेऊन आलेली. दोघी एकमेकींकडं बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी ती ताक घेऊन आली घरी, विषय निघाला नाही.

ठाणेकर काका, गोळ्यांची पिशवी ओतली टेबलावर. डॉक्टरांनी दुखण्याची एक बंद केली आणि पोटाची एक वाढवली. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. मनाची गोळी सुरू झालीय, आधी अर्धी, आता एक. पहिले सहा दिवस तोंडाला चव नव्हती आणि पोट बिघडलं, सोडणार होते, तुमचं वाचलेलं आठवलं म्हणून सोडली नाही. आता झोप साडेचार-पाचपर्यंत लागते. खूप फरक आहे असं नाही म्हणणार. काल मालिकेतली सासू कोण आणि सून कोण ते कळलं एवढं खरं.

वहीत चार वेळा लिहिलं. एकदा पोरीनं वाचली, मी तिथंच ठेवली होती. तिनं खाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "मी तेव्हा केमिस्ट्रीचा विचार करत होते."

मशीन. दुसऱ्या आठवड्यात चादर काढली, तेल सोडलं, परत चादर टाकली. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंची साडी घेतली फॉलला, पैसे ठरवले नाहीत. फॉलची हातशिलाई पूर्वी अर्ध्या-पाऊण तासात व्हायची, ह्या वेळी तीन दिवस लागले, रोज पंधरा मिनिटं, मोबाईलवर घड्याळ लावून. एक बाजू जरा ओढली गेलीय, काकूंना दाखवली, त्या म्हणाल्या निऱ्यांत जातं गं ते. त्या रविवारी नाही केलं काही, तेव्हा तो मेथोट्रेक्सेटच्या मळमळीचा दिवस होता, पण डॉक्टरांना विचारून गोळी आता शुक्रवारी रात्री घेते. शनिवारी सगळे बाहेर असतात, मळमळायचं ते निवांत मळमळते, रविवार मोकळा.

सासूबाईंचं चालूच आहे, कसला वात.

आता एक कामाचं विचारायचंय. कात्रीचं काय करू? मोठी कात्री अंगठ्यात बसत नाही, दोन-तीन वेळा उघडली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. कापड कापल्याशिवाय ब्लाउज कसा होणार.


बायकोला_आरए

स्प्रिंगची कात्री मिळते, दाबली की कापते आणि सोडली की आपोआप उघडते, अंगठा घालायला भोक नसतं, सगळ्या पंज्यानं धरायची. बायको भाजीला वापरते, कापडाची पण येते, शिवणाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात विचारा. हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नका, काहींची स्प्रिंग फार कडक असते. आणि मशीन पायाचं असेल तर मोटर बसवून घ्या, गुडघे पण वाचतील.


फॉलपिको_ताई

पायाचंच आहे. मोटर केवढ्याला पडते?